मागे घाणेरी, पुढे पाणी: पुण्यात स्पे कास्टिंग शिकणाऱ्यांसाठी

पानशेत रस्त्यानं खडकवासल्याच्या बॅकवॉटरला कुठंही खाली उतरा, पाण्याशी पोचल्यावर एक गोष्ट लगेच लक्षात येते. पाठीशी जागाच नसते. घाणेरी, बाभळी, एखादं तारेचं कुंपण आणि त्याच्याही मागे चढ. साध्या फ्लाय कास्टिंगमध्ये, म्हणजे किड्यासारखा दिसणारा हलका गळ (फ्लाय) दोरीच्या वजनानं लांब फेकायच्या पद्धतीत, दोरी पुढे जेवढी टाकायची तेवढीच आधी मागे हवेत उलगडावी लागते. पंधरा मीटर पुढे, तर पंधरा मीटर मागे. इथं ती तिसऱ्याच मिनिटाला बाभळीत जाते आणि पुढची वीस मिनिटं तुम्ही काटे सोडवत बसता.

स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवर हीच अडचण होती. उंच काठ, पाण्यापर्यंत आलेली झाडी, रुंद पात्र आणि सॅमन मासा लांब मधल्या धारेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या मंडळींनी दोन हातांनी धरायच्या लांबलचक लाकडी काठ्यांवर एक युक्ती बसवली. दोरी मागे नेऊन पूर्ण उलगडायचीच नाही. तिचं टोक आपल्या बाजूला पाण्यावर टेकवायचं, उरलेल्या दोरीचा फुगा मागे जाऊ द्यायचा आणि तिथूनच ती पुढे सोडायची. मागे काठीएवढी जागा मिळाली तरी भागतं. नदीचं नाव पद्धतीला चिकटलं. (त्या खोऱ्याला जग व्हिस्कीसाठी जास्त ओळखतं, पण तो विषय वेगळा.)

पुण्यात सॅमन नाही. आपला मानाचा मासा महसीर. दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सनं १८३९ साली केलं, तेही आपल्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज शहराच्या हद्दीत त्याच नदीत घोट्यापर्यंतसुद्धा उतरायची माझी तयारी नाही, म्हणून सराव धरणाच्या बाजूला. आणि सराव म्हणजे फक्त सराव. धरणातल्या मासेमारीचे हक्क सहसा ठेक्यानं सहकारी संस्थांकडे असतात. गळ लावायचा असेल तर आधी चौकशी आणि परवानगी. खाली जे लिहिलंय ते दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधून करायचं आहे.

सामान घेताना वजन बघा

दोन हातांच्या काठ्या साधारण साडेबारा-तेरा फुटी मिळतात, अंगावर ७ किंवा ८ असा नंबर. मी तेरा फुटी, ७ नंबरची घेतली. मग शहाण्यासारखी ७ नंबरची दोरी मागवली. सात आणि सात, जुळलं! सहा आठवडे मी ती काठी हलवत होतो आणि ती वाकायला तयार नव्हती. दोरी पुढे जाऊन शेवयांच्या गुंत्यासारखी पाण्यावर पडायची. दोष हाताचा समजून मी आणखी जोर लावायचो.

गोम अशी होती की एका हाताच्या ७ नंबरच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १८५ ग्रेन, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम असतं. दोन हातांच्या ७ नंबरच्या काठीला मात्र साधारण ५०० ग्रेनचं, म्हणजे ३२ ग्रॅमच्या आसपासचं हेड लागतं. हेड म्हणजे दोरीचा पुढचा जाड, वजनदार भाग. नंबर एकच, पण लक्ष्मी रोडच्या सराफाच्या हिशेबात एक सव्वा तोळ्याचं आणि दुसरं सव्वातीन तोळ्यांचं. काठी वाकते ती दोरीच्या वजनानं, आणि वाकली तरच ती दोरी फेकू शकते. तेव्हा विकणाऱ्याला नंबर सांगू नका. काठी किती ग्रेनसाठी बनवली आहे ते विचारा, बहुतेक वेळा ते मुठीच्या वर छापलेलंही असतं.

हेडचे दोन प्रकार तुमच्या कानावर येतील. स्कॅजिट आखूड आणि जड, बुडणारी टोकं आणि मोठ्या फ्लाय ओढायला बरी. नाव अमेरिकेतल्या स्कॅजिट नदीवरून. स्कँडी थोडी लांब, पुढे निमुळती होत गेलेली, हलकी पडणारी. शिकायला तरंगणारी स्कँडी घ्या, काठीच्या अडीच-तीन पट लांब. पुढे काठीएवढा लीडर, म्हणजे जाड दोरी आणि फ्लाय यांच्यामधला बारीक नायलॉनचा धागा.

पण माझं ऐकाल तर पहिले दोन महिने दोन हातांची काठी घेऊच नका. घरात नऊ फुटी, ६ नंबरची साधी फ्लाय रॉड असेल तर ती आणि तिचीच तरंगणारी दोरी पुरते. पुढच्या सगळ्या पायऱ्या एका हातानंही करता येतात, चुकाही त्याच होतात, आणि बाभळीत अडकलं तर नुकसान कमी.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट. स्पे कास्टिंगमध्ये काठी सतत वळवली जाते, त्यामुळे तिचे जोड हळूहळू पिळून सैल होतात. प्रत्येक जोडावर इलेक्ट्रिशियन वापरतात ती चिकटपट्टी दोन वेढे गुंडाळा. माझ्या काठीचा टोकाचा तुकडा दोरीबरोबर पाण्यात गेला होता. दोरीला ओवलेला म्हणून परत मिळाला.

जिवाची काळजी

टोपी आणि गॉगल हवाच, लोकरीचा तुकडासुद्धा डोळ्यावर वेगानं येतो. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, म्हणून डोक्यावर तारा असतील तिथं उभंच राहायचं नाही. मे महिन्यात दुपारी वळवाचे ढग जमू लागले, लांब कुठं गडगडलं, की काठी खाली ठेवून गाडीत जाऊन बसायचं. पावसाळ्यात धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात सराव करू नका. विसर्ग वाढवला की पाणी किती झपाट्यानं चढतं हे भिडे पुलाच्या बातम्या वाचणाऱ्याला सांगायला नको. उन्हाळ्यात बॅकवॉटरचं पाणी उतरतं आणि मागे छान मोकळं मैदान होतं, पण काठाला गाळ असतो. वाळलेला दिसतो, पाय मांडीपर्यंत जातो. ऑक्टोबर ते जानेवारीच्या सकाळी सगळ्यात चांगल्या: पाणी काठोकाठ, वारा पडलेला.

पाषाण तलावाकडे मात्र जाऊ नका. तिथं पक्षी असतात आणि पक्षी बघणारी माणसं असतात, दोघांनाही तुमची दोरी नको आहे.

पहिली पायरी: रोल कास्ट

स्पेचा सगळा डोलारा रोल कास्टवर उभा आहे. धरणापर्यंत रोज जाणं जमणार नाही, म्हणून पहिले चार दिवस गवतावर करा. गवत पाण्यासारखं दोरीला धरून ठेवत नाही. त्यावर उपाय असा की जाड नायलॉनचा लीडर घ्यायचा, त्याला वीतभर अंतरावर गाठी मारायच्या आणि प्रत्येक गाठीत बोटाच्या पेराएवढे नायलॉनचे तुकडे अडकवून त्यांची टोकं काट्यांसारखी बाहेर ठेवायची. हे काटे गवतात रुततात आणि पाण्याचं काम करतात. जागा मऊ गवताची निवडा. वेताळ टेकडीवर मी हा उद्योग केला, तिथल्या खडीनं दोरीचं आवरण सोललं.

आता पाण्यावर. दहा-बारा मीटर दोरी समोर सरळ पसरलेली, काठीचं टोक पाण्याला जवळपास टेकलेलं, दोरीत कुठंही झोल नाही. टोक वर असेल तर हात हलवल्यावर आधी झोल निघेल, दोरी हलणारच नाही, आणि पहिली दोन फूट हालचाल फुकट जाईल.

काठी हळू वर उचला. इतकी हळू की दोरी पाण्यावरून तुमच्याकडे सरकत येईल, उडी मारणार नाही. उचलताना काठी जराशी उजवीकडे कलती ठेवा म्हणजे दोरी तुमच्या उजव्या अंगाला येईल. हात कानाच्या उंचीवर, काठी मागे दीडच्या काट्यावर आली की थांबा. दोरी काठीच्या टोकावरून मागे लोंबते, वळते आणि पाण्याकडे येते. बाजूनं बघणाऱ्याला इंग्रजी डी अक्षर दिसतं: काठी त्याची उभी रेघ, दोरी त्याचं पोट. यालाच डी लूप म्हणतात.

मग पुढे. सुरुवात संथ, वेग वाढत जाणारा, आणि दहाच्या काट्यावर करकचून ब्रेक. बहुतेक जण इथं लाकूड फोडल्यासारखी काठी पाण्यापर्यंत आणतात. काठी जिथं थांबते तिकडे दोरी जाते. पाण्याकडे थांबवलीत तर ती तुमच्या पायाशीच ढिगारा करेल.

माझा रोल कास्ट कितीतरी दिवस अर्धवट पडत होता. जवळच ट्यूबवर बसून जाळं लावणारे एक मामा बराच वेळ बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "साहेब, दोरी पाण्यातनं निघायच्या आत तुम्ही फेकताय." मी म्हटलं, "मामा, निघतेय की." ते म्हणाले, "अर्धी निघतीय. बाकीची बुडालेलीच हाय." मोबाईलवर चित्रीकरण करून पाहिलं, तर खरंच मी उचलण्याची क्रिया निम्म्यातच उरकत होतो. पाण्याला चिकटलेली ती आठ मीटर दोरी उपटण्यात सगळा जोर जात होता. तेव्हापासून उचलताना मनात "एक... दोन... तीन" मोजतो. नव्या माणसाला तीन फार लांब वाटतात. तरी मोजा.

दुसरी पायरी: अँकर

दोरीचं जे टोक पुढे फेकताना पाण्यावर टेकलेलं राहतं तो अँकर. लीडर आणि त्यामागची मीटरभर दोरी, एवढाच. हा टेकू नसेल तर डी लूप मागे उडून जाईल, आणि फार जास्त असेल तर पाणी दोरीला सोडणार नाही. स्पे कास्टमध्ये काय होणार हे अँकर बसला त्या क्षणीच ठरलेलं असतं. पुढचा फटका कितीही सुंदर असू दे.

अँकर कुठं हवा? तुमच्या बाजूला, अंगापासून साधारण काठीएवढ्या अंतरावर, किंचित पुढे. आणि दोरी ज्या दिशेला जायची त्याच दिशेला तोंड करून सरळ पडलेला. आडवा पडला तर दोरीला आधी तो कोपरा सोडवावा लागतो आणि सगळी ताकद तिथंच मुरते. फार जवळ पडला तर दोरी काठीला किंवा तुमच्या कानाला लागते. फार मागे पडला तर धरून ठेवायला काही उरत नाही.

यासाठी एक कंटाळवाणा पण रामबाण सराव आहे. रिकामी पाण्याची बाटली सुतळीनं दगडाला बांधून अँकरच्या जागी तरंगत ठेवा. आता उचला, दोरी मागे न्या, टोक बाटलीपाशी टेकवा आणि थांबा. पुढे फेकू नका. डोळ्यांनी बघा कुठं पडलं. वीस वेळा फक्त एवढंच. पहिल्या दिवशी माझे वीसपैकी तीन जवळ पडले. फेकायचा मोह फार होतो, कारण फेकण्यात मजा आहे. पण फेकलं की नजर पुढे जाते आणि अँकर कुठं होता हे कधी कळतच नाही. जाताना बाटली आणि सुतळी घरी घेऊन जा, तिथं आधीच पुष्कळ आहेत.

तिसरी पायरी: स्विच कास्ट

रोल कास्टमध्ये दोरी थांबते. स्विच कास्टमध्ये ती पाण्यातून पूर्ण बाहेर येते, हवेतून मागे जाते, टोक पाण्याला क्षणभर शिवतं आणि लगेच पुढे निघते. डी लूप मोठा आणि जिवंत होतो, काठी नीट वाकते.

काठीच्या टोकाचा मार्ग बशीच्या कडेसारखा असावा: उचलताना वर, बाजूनं नेताना किंचित खाली घसरून पसरट, आणि शेवटी मागे पुन्हा वर. टोक मागे वर चढलं पाहिजे, हे ठळक अक्षरात लिहून ठेवा. नवशिका मागे नेताना काठी खाली टाकतो. मग दोरीचा मोठा भाग पाण्यावर पडतो आणि डी चं पोट जमिनीला लागतं.

वेळ कशी साधायची? ऐका. लीडर पाण्याला शिवला की बारीक "टप्" येतं. "टप्" ऐकू आलं की पुढे. आधी निघालात तर चाबकासारखा "चटाक" येईल, म्हणजे अँकर सुटला. उशीर झाला तर दोरी पाण्यात बसून निघताना लांब "फर्रर्र" करेल. या तीन आवाजांत फरक करता आला की शिकवणारा शेजारी नसला तरी चालतं.

चौथी पायरी: दिशा बदलणं, आणि वारा

इथून पुढे खरा स्पे. नदीत दोरी वाहत जाऊन काठालगत खालच्या अंगाला लटकते. तिथून ती पुन्हा आडवी, पात्रात टाकायची असते. नियम एकच: डी लूप लक्ष्याच्या बरोबर विरुद्ध, १८० अंशांवर हवा. म्हणजे दिशा बदलायची ती फटक्यात नाही, त्याआधी अँकर नव्या दिशेला मांडून. बाकी सगळी स्पेची नावं म्हणजे हा अँकर मांडायच्या निरनिराळ्या वाटा.

आधी तीर. नदीचा डावा-उजवा तीर प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरतो. मुठेचा डेक्कनचा काठ डावा, नारायण पेठेचा उजवा. मुठा उजवा कालवा कुठून जातो ते आठवलं की गोंधळ होत नाही. उजव्या तीरावर पाण्याकडे तोंड करून उभे राहिलात तर प्रवाह तुमच्या उजव्या हाताला जातो.

मग वारा. अँकर नेहमी वारा ज्या बाजूला जातोय त्या बाजूला, म्हणजे वारा दोरी तुमच्यापासून लांब नेईल. प्रवाहाबरोबर वारा असेल तर अँकर खालच्या अंगाला: डबल स्पे. प्रवाहाविरुद्ध वारा असेल तर अँकर वरच्या अंगाला: सिंगल स्पे. यात चूक केली की फ्लाय तोंडावर येते. मुठा ढोबळमानानं पश्चिमेकडून पूर्वेला वाहते, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणजे प्रवाहाबरोबरचा. म्हणून पुणेकरानं डबल स्पे आधी शिकावा असं माझं मत आहे. शिवाय तो सावकाश करता येतो, मध्ये थांबून विचारही करता येतो. सिंगल स्पे दिसायला सोपा, पण त्यात अँकर हवेतून येऊन बसतो आणि वेळेची चूक तो माफ करत नाही.

आता डबल स्पे करून बघू. बॅकवॉटरला प्रवाह नसतो, तेव्हा तो मानून चालायचं. समजा प्रवाह उजवीकडे आहे. दोरी रोल कास्टनं उजवीकडे काठालगत मांडून घ्या. काठी उजव्या हातात, दोन हातांची असेल तर उजवा हात वरच्या बाजूला. काठी उचला आणि टोक अंगासमोरून डावीकडे नेऊन खाली आणा. दोरी समोर पाण्यावर आडवी पडेल. तिचं शेवटचं टोक तुमच्या उजवीकडेच, काठीएवढ्या अंतरावर राहिलं पाहिजे. समोरून डावीकडे ओढलं गेलं तर जास्त उचललंत. आता काठी पसरट मार्गानं पुन्हा उजवीकडे आणि मागे न्या. दोरी पाणी फाडत येते, पांढरी रेघ उठते. ती रेघ अँकरपर्यंत पोचायला आली की काठी वर चढवून डी करा आणि समोर, पात्राच्या मध्यावर फेका. पहिल्यांदा ४५ अंशच वळवा. नव्वद अंश पुढच्या महिन्यात.

दोन हात असतील तेव्हा

दोन हातांची काठी घेतलीत की वरचा हात आपोआप मालक होऊ बघतो. आयुष्यभर आपण उजव्या हातानंच ढकलत आलोय. वरच्या हातानं ढकललं की काठीचं टोक मोठी कमान काढतं, दोरीचा फास उघडा पडतो आणि वाऱ्यात विरतो. वरचा हात फक्त टेकू आहे. जोर खालच्या हाताचा: काठीच्या मुठीचं बूड पोटाकडे ओढायचं. लांब दांड्याच्या खराट्यानं रस्ता झाडणाऱ्यांचे हात बघा, एक हात खुंटीसारखा आणि दुसरा काम करतो. सवय लागावी म्हणून वरच्या हाताची फक्त दोन बोटं आणि अंगठा काठीला लावून दहा मिनिटं टाका. दोरी जवळ पडेल, पडू दे. शिवाय उजव्या काखेत घडी केलेला नॅपकिन धरा. तो पडला म्हणजे कोपर अंगापासून सुटलं.

एका वेळी अर्धा-पाऊण तास पुष्कळ. त्यानंतर हात थकतो, थकलेला हात जोर लावतो आणि जोराची सवय उतरवायला आठवडे जातात. घरी आल्यावर दोरी कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून पुसून घ्या, बॅकवॉटरचा चिकटा राहिला तर ती तरंगत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या डब्याची पिशवी उचलताना लक्ष द्या. उजवा खांदा भरून आला असेल तर वरचा हात अजून ढकलतोय. डाव्या हाताचं मनगटापासून कोपरापर्यंत थोडं दुखत असेल, तर पुढच्या रविवारी आणखी दोन मीटर दोरी सोडून बघायला हरकत नाही.